प्रेक्षकाची गरज आणि सेवेची पुनर्रचना

लोकांच्या गरजेनुसार सेवेची रचना करावी, ह्या तत्त्वाविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ‘गरज’ हा शब्द वाटतो तितका एकार्थी नाही. प्रेक्षक जे सांगतो ते, प्रेक्षक जे पाहतो ते, आणि जे नसल्यास त्याला पाहताच येत नाही ते, ह्या तिन्हींना व्यवहारात गरज असेच म्हटले जाते. इंटरनेटवरून चित्रपट व मालिका दाखविणाऱ्या स्ट्रीमिंग-सेवेची पुनर्रचना करताना ह्या तीन अर्थांची गल्लत होऊ देणे इष्ट नाही. नेटफ्लिक्स ह्या अमेरिकन सेवेचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९९८ मध्ये ह्या कंपनीने टपालाने डीव्हीडी भाड्याने देण्यास प्रारंभ केला. घरी गेलेला चित्रपट ग्राहकाने पाहिला किंवा नाही, अर्ध्यावर सोडला की पुन्हा पाहिला, हे कंपनीस कळण्याचा मार्ग नव्हता. ग्राहकाने एक ते पाच ताऱ्यांत नोंदविलेले मत हाच काय तो त्याच्या आवडीचा पुरावा. ह्या मताचा अंदाज आधीच बांधता यावा म्हणून २००६ मध्ये कंपनीने दहा लक्ष डॉलरांचे पारितोषिक जाहीर केले. प्रचलित पद्धतीच्या तुलनेत अचूकतेत दहा टक्के सुधारणा ही त्याची अट होती. २००९ मध्ये ते देण्यात आले. तथापि २००७ पासून स्ट्रीमिंग सुरू झाले होते, आणि प्रेक्षक काय पाहतो व कोठे थांबतो ह्याची नोंद आपोआप होऊ लागली होती. विजयी पद्धती संपूर्णपणे वापरात आली नाही. ती राबविण्यास लागणाऱ्या परिश्रमांच्या मानाने लाभ अल्प होता, असे कंपनीने २०१२ मध्ये स्पष्ट केले.

ताऱ्यांची खरी अडचण मात्र गणिताची नव्हती, अर्थाची होती. वृत्तपत्रातील परीक्षणात तारे म्हणजे समीक्षकाचा अभिप्राय. विक्रीच्या संकेतस्थळावर तेच तारे म्हणजे अनेक ग्राहकांच्या मतांची सरासरी. नेटफ्लिक्सच्या पडद्यावर दिसणारे तारे ह्या दोहोंपैकी काहीच नव्हते. ‘हा चित्रपट तुम्हांला किती आवडेल’ ह्याचे ते त्या एका व्यक्तीपुरते भाकीत होते. चिन्ह एकच, संकेत तीन. आणि वाचणारा ते आपल्या परिचयाच्या संकेतानेच वाचणार. शिवाय तारे देताना माणूस परीक्षकाची भूमिका घेतो. गंभीर माहितीपटाला तो पाच तारे देतो, हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटाला तीन. आणि दिवसभराच्या श्रमानंतर तोच विनोदी चित्रपट लावून बसतो. ह्यात ढोंग नाही. गुणवत्तेचा निर्णय आणि त्या सायंकाळची इच्छा ह्या भिन्न गोष्टी आहेत, एवढेच.

२०१७ मध्ये ताऱ्यांच्या जागी वर किंवा खाली केलेला अंगठा आला. त्यापूर्वीच्या चाचणीत मते नोंदविण्याचे प्रमाण २०० टक्क्यांनी वाढल्याचे कंपनीने सांगितले होते. भाषिक दृष्टीने पाहता, येथे केवळ चिन्ह बदलले नाही, तर उक्तीचे प्रयोजन बदलले. तारा हे विधान होते. अंगठा ही सूचना आहे : ‘असे आणखी दाखवा’ किंवा ‘असे दाखवू नका’. पुढे २०२२ मध्ये ‘फार आवडले’ ह्या अर्थी दुहेरी अंगठ्याची भर पडली. दोनच पर्याय अपुरे होते, असा ह्याचा अर्थ होतो.

तर मग, प्रेक्षक बोलतो त्यापेक्षा तो वागतो ते प्रमाण मानावे काय? ह्यातही धोका आहे. एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होत असेल, तर पाहिलेल्या भागांची संख्या वाढेल. परंतु तो निवडला होता की केवळ थांबविला नव्हता, हे त्या संख्येवरून कळणार नाही. यादी चाळताना आपोआप सुरू होणाऱ्या झलकांविषयी प्रेक्षकांच्या तक्रारी पुष्कळ होत्या; त्या बंद करण्याची सोय २०२० मध्ये मिळाली. मौन म्हणजे संमती नव्हे.

तिसरा अर्थ सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याची नोंदच होत नाही. संवादांचा मजकूर पडद्यावर नसेल तर कर्णबधिर प्रेक्षक चित्रपट पाहतच नाही. आणि जो पाहत नाही त्याच्या वर्तनाची आकडेवारी कोठून येणार? अमेरिकेतील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये नेटफ्लिक्सविरुद्ध दावा दाखल केला. अपंग व्यक्तींविषयीचा १९९० चा कायदा केवळ इंटरनेटवर चालणाऱ्या सेवेस लागू नाही, हा बचाव न्यायालयाने जून २०१२ मध्ये फेटाळला. त्याच वर्षी तडजोड होऊन, २०१४ पर्यंत स्ट्रीमिंगवरील सर्व चित्रपट-मालिकांना असा मजकूर जोडण्याचे कंपनीने मान्य केले. अंधांची गोष्टही अशीच. एप्रिल २०१५ मध्ये ‘डेअरडेव्हिल’ ही मालिका प्रसिद्ध झाली. तिचा नायक अंध. परंतु पडद्यावरील हालचाली शब्दांत सांगणारे निवेदन आरंभी तिला नव्हते. अंध प्रेक्षकांनी आवाज उठविल्यानंतर ते त्याच महिन्यात जोडण्यात आले.

भाषेच्या अभ्यासकास ह्यात एक परिचित तत्त्व दिसेल. संकलित नमुन्यांत एखादे रूप आढळले नाही, म्हणून ते भाषेत नाहीच असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी भाषकाकडे जाऊन विचारावे लागते. सेवेच्या पुनर्रचनेसही हाच नियम लागू पडतो. आकडेवारी आलेल्यांविषयी सांगते. दाराबाहेर राहिलेल्यांविषयी ती मूक असते. त्यांची गरज जाणून घ्यावयाची तर दाराबाहेर जाऊन त्यांनाच विचारले पाहिजे, आणि तेही त्यांना न्यायालयात जावे लागण्यापूर्वी.