दीड लिटरचे एक लिटर!

गेल्या महिन्यातली गोष्ट. दूधवाल्याने बिल सांगितले २७०० रुपये आणि माझ्या संगणकाने सांगितले १८०० रुपये! “अगं, यंत्र कसं चुकेल? त्यालाच विचार ना,” हे आतून म्हणाले. दारात उभ्या दूधवाल्याचा चेहरा एवढासा झाला. वर्षानुवर्षे आमच्याकडे दूध घालणारा माणूस! मी म्हटले, “दादा, संध्याकाळी या. मी हिशेब पुन्हा बघते.”

मैत्रिणींनो, संगणकाला आपल्या कामाच्या आज्ञा लिहून द्यायला शिकायचे, असे मी यंदा ठरवले. त्यासाठी पायथन ही भाषा घेतली. गीदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी केलेली ही भाषा १९९१ मध्ये प्रथम सर्वांसाठी खुली झाली. ती फुकट मिळते आणि नवशिक्यांना सोपी जाते.

पहिला धडा व्याकरणाचा. ताटात चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, तशी इथेही प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली. ‘इफ’ म्हणजे ‘जर’ लिहून अट घातली, की पुढे विसर्गासारखी दोन टिंबे द्यायची आणि खालची ओळ थोडी आत सरकवून लिहायची. एखादा कंस उघडा राहिला, की यंत्र अडूनच बसते. सुरुवातीला चुकीचा शेरा दिसला, की मी घाबरून सगळे बंदच करून टाकत असे. मग कळले, शेऱ्याची शेवटची ओळ आधी वाचायची. काय बिघडले ते तिथेच सांगितलेले असते.

दुसरा धडा प्रकारांचा. दुधाचा दर विचारायला मी ‘इनपुट’ ही आज्ञा वापरली, ६० टाइप केले आणि त्याला ३० दिवसांनी गुणले. उत्तर काय आले असेल? ६० हा आकडा तीस वेळा ओळीने छापून आला! हसून हसून पुरेवाट झाली. कारण असे, की ‘इनपुट’ने घेतलेले सगळे यंत्राच्या लेखी नुसती अक्षरे असतात. त्यांची संख्या करायला ‘इंट’ ही आज्ञा द्यावी लागते. गंमत म्हणजे मराठी आकड्यांत ‘६०’ लिहिले, तरी ‘इंट’ला ते समजतात.

पण ‘इंट’ला फक्त पूर्ण संख्या चालतात. आमच्याकडे दूध रोज दीड लिटर. १.५ लिहिताच यंत्राने तक्रार केली. अपूर्णांकासाठी ‘फ्लोट’ असते, हे मी वाचले होते. म्हणून आत ‘फ्लोट’ घातले, पण बाहेरचे ‘इंट’ तसेच राहू दिले. तक्रार थांबली. मला वाटले, जमले!

त्या दुपारी मी लहान लहान हिशेब घालून पाहिले. एक लिटर, एक दिवस – ६० रुपये, बरोबर. दोन लिटर – १२०, बरोबर. अर्धा लिटर – शून्य! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ‘इंट’ अपूर्णांक छाटून टाकते. दीड लिटरचे एक लिटर झाले आणि महिन्याला ९०० रुपयांचे दूध गायब! तक्रार करणारी चूक बरी. गुपचूप बसणारी चूक घात करते.

म्हणून तिसरा धडा तपासणीचा. ‘असर्ट’ या शब्दापुढे आपल्याला ठाऊक असलेले उत्तर लिहून ठेवायचे: दीड लिटर, ३० दिवस, ६० रुपये, म्हणजे २७००. उत्तर जुळले, तर यंत्र मुकाट्याने पुढे जाते. नाही जुळले, तर तिथेच थांबते. मी आता असे चार हिशेब लिहून ठेवले आहेत: पूर्ण लिटरचा, अर्ध्या लिटरचा, मध्ये खाडे झालेल्या महिन्याचा आणि आपण गावाला गेल्यामुळे एकही दिवस दूध न घेतलेल्या महिन्याचा. आज्ञांमध्ये काहीही बदल केला, की आधी हे चारही चालवायचे.

तुम्हीही सुरुवात घरच्याच हिशेबाने करा. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, त्यातच चूक चटकन पकडता येते.

संध्याकाळी दूधवाला आला. “दादा, चूक माझीच होती,” म्हणून मी २७०० रुपये त्याच्या हातावर ठेवले. “ताई, मी कॅलेंडरवर रोज खूण करतो,” तो म्हणाला. तीही तपासणीच की!