ओळखपत्र आहे, पण यादीत नाव नाही

१ डिसेंबर २०२० ला नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघाचं मतदान होतं. गोंदियाहून येणारा रस्ता कोहमाऱ्यात नागपूर-रायपूर महामार्गाला मिळतो. त्या चौकातल्या चहाच्या टपरीवर त्या दिवशी दोघे जण मतदान न करताच परत आलेले भेटले. एक बी.ए., दुसरा बी.एस्सी. दोघांच्याही खिशात मतदार ओळखपत्र होतं. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत एकही मतदान त्यांनी चुकवलं नव्हतं. केंद्रावर यादी वरपासून खालपर्यंत पाहून झाली, पण नाव सापडलं नाही. ‘आमचं नाव कुणीतरी कापलं,’ असं त्यातला एक जण पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याचा राग खरा होता, पण नाव कुणी कापलं नव्हतं. ते त्या यादीत कधी चढलंच नव्हतं.

पदवीधर मतदारसंघाची यादी वेगळी असते, हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. विधानसभेच्या यादीत नाव असलं म्हणून ते इथे आपोआप येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही यादी दर निवडणुकीला नव्याने, कोऱ्या कागदापासून तयार होते. मागच्या वेळी मतदान केलेल्या माणसालाही पुन्हा अर्ज भरावा लागतो. त्यासाठीचा अर्ज नमुना क्रमांक १८. विभागीय आयुक्त हे मतदार नोंदणी अधिकारी असले तरी त्यासाठी नागपूर गाठावं लागत नाही, कोहमाऱ्याच्या माणसाला सडक अर्जुनीचं तहसील कार्यालय पुरतं. अर्जासोबत पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत आणि राहण्याचा पुरावा लागतो. गठ्ठ्याने आणलेले अर्ज घेत नाहीत, त्यामुळे ‘कार्यकर्ता भरून देईल’ या भरवशावर राहू नये.

पदवी नागपूर विद्यापीठाचीच हवी, असाही एक समज आहे. तसं काही नाही. भारतातल्या कुठल्याही विद्यापीठाची चालते. मुक्त विद्यापीठातून, नोकरी करता करता मिळवलेली पदवीही तितकीच पदवी आहे. अट आहे ती काळाची: अर्हता दिनांकाला पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. हा दिनांक १ नोव्हेंबर असतो. शिवाय माणूस या मतदारसंघात, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत कुठेतरी राहणारा हवा. सहा जिल्ह्यांच्या या पसाऱ्यात २०२० ला नोंदलेले मतदार दोन लाखांच्या आसपास होते. इतक्या मोठ्या भागातले पदवीधर तेवढेच असतील, यावर माझा विश्वास बसत नाही. नोंदणीच न केलेले कितीतरी घरी बसले असणार.

शिक्षक मतदारसंघाचं वेगळंच. त्यासाठी नमुना क्रमांक १९ भरायचा आणि माध्यमिक स्तराच्या खाली नसलेल्या संस्थेत मागच्या सहा वर्षांपैकी एकूण किमान तीन वर्षं शिकवलेलं असायचं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना, बाईंना तिथे मत नाही. नाव ‘शिक्षक मतदारसंघ’ आणि गावाला सगळ्यात जवळचा शिक्षकच त्यातून बाहेर, हे मला नेहमी खुपतं. मात्र त्याच गुरुजींकडे पदवी असेल तर पदवीधर म्हणून त्यांचं मत आहेच. ‘आपल्याला मत नाही’ असं समजून तेही हातचं घालवणारे गुरुजी मी पाहिले आहेत.

‘आपला आमदार एकच’ हे वाक्य तर रोजच्या बोलण्यात असतं. कोहमारा अर्जुनी-मोरगाव विधानसभा मतदारसंघात येतं. तिथून २०२४ ला राजकुमार बडोले निवडून आले, ते विधानसभेचे आमदार. हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राखीव म्हणजे उमेदवार त्या प्रवर्गातला हवा, मत मात्र सगळ्यांचं. शिवाय सरपंचपदासारखं हे आरक्षण दर निवडणुकीला फिरत नाही, मतदारसंघांच्या पुनर्रचनेत ते ठरलेलं आहे. पण विधिमंडळाला दुसरं सभागृहही आहे, विधान परिषद. तिथे कोहमाऱ्याच्या वाट्याला आणखी तिघे येतात: नागपूर विभागाचा पदवीधर आमदार, शिक्षक आमदार, आणि भंडारा-गोंदिया स्थानिक स्वराज्य संस्थांचा आमदार. २०२० ला पदवीधरांनी अभिजित वंजारींना निवडलं, २०२३ ला शिक्षकांनी सुधाकर अडबालेंना. विधान परिषदेच्या सदस्यालाही स्थानिक विकासाचा निधी असतो, सभागृहात प्रश्न विचारण्याचा, लक्षवेधी मांडण्याचा अधिकार असतो. गावातले लोक निवेदन घेऊन त्यांच्याकडे फारसे जात नाहीत, कारण हे आपलेच आहेत हे ठाऊक नसतं.

अमेरिकेत राज्याच्या वरच्या सभागृहाला सिनेट म्हणतात. मिशिगन राज्याचे ३८ सिनेट मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातला नोंदलेला मतदार आपला सिनेटर थेट निवडतो. आपल्याकडे तसं नाही. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक संस्थांचे सदस्य, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ जणांची नेमणूक राज्यपाल करतात. सामान्य नागरिकाला थेट शिरता येईल अशी दारं दोनच, पदवीची आणि मास्तरकीची. म्हणून त्यातलं एक दार अर्जाअभावी बंद राहिलं की वाईट वाटतं.

स्थानिक संस्थांच्या जागेबद्दलचा गोंधळ याहून मोठा. ‘सरपंच मत देतो, म्हणजे आपणच दिल्यासारखं,’ असं लोक सहज म्हणतात. पण महाराष्ट्रात या निवडणुकीत ग्रामपंचायतीला मतच नाही. मत आहे जिल्हा परिषद सदस्यांना, पंचायत समितीच्या सभापतींना, नगरपरिषद आणि नगरपंचायतीच्या नगरसेवकांना. सडक अर्जुनीच्या नगरपंचायतीतला नगरसेवक मत देतो, शेजारच्या कोहमाऱ्याचा सरपंच देत नाही. कर्नाटकात ग्रामपंचायत सदस्यांनाही हा हक्क आहे, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीजवळच्या मराठी खेड्यातला पंचायत सदस्य विधान परिषदेचं मत देतो आणि आपला देत नाही. हा नुसता अंमलबजावणीतला घोळ नव्हे. दोन राज्यांच्या याद्या कायद्यातच वेगळ्या आहेत.

भंडारा-गोंदियाच्या या जागेवरून २०१६ ला परिणय फुके निवडून आले. त्यांची मुदत डिसेंबर २०२२ ला संपली आणि नंतर जागा दीर्घकाळ रिकामी राहिली. लोकांनी अंदाज बांधला की विधान परिषद बरखास्त झाली किंवा जागाच रद्द झाली. परिषद कधीच बरखास्त होत नाही. ते कायम सभागृह आहे, सदस्याची मुदत सहा वर्षांची आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात. कारण वेगळंच होतं. किमान ७५ टक्के स्थानिक संस्था चालू असतील आणि किमान ७५ टक्के मतदार उपलब्ध असतील, तरच निवडणूक आयोग ही निवडणूक घेतो. गोंदिया आणि भंडाऱ्याच्या जिल्हा परिषदा निवडून आलेल्या होत्या, पण राज्यभर नगरपरिषदांवर प्रशासक बसले. नगरसेवकच नाहीत, तर मत कोण देणार? खालची निवडणूक लांबली की वरची जागा अशी ओस पडते.

पदवीधरांचा उमेदवार पदवीधरच हवा, हे तर शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात. कायद्यात तशी अट नाही. उमेदवार राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाचा मतदार आणि तीस वर्षांचा असला की पुरे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली मद्रासच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. पदवी मतदाराला लागते, उमेदवाराला नाही.

‘त्या सभागृहाला अधिकार तरी काय?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे, उत्तर अर्धंच ठाऊक असतं. अर्थविधेयक परिषद १४ दिवसांपेक्षा जास्त रोखू शकत नाही. साधं विधेयक पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर एक महिना, एवढंच लांबवता येतं. मुख्यमंत्र्यांचं सरकार तिथे पडत नाही. पण सभागृह निकामी आहे असं म्हणणाऱ्याने रोजगार हमीच्या कामावर जाऊन हजेरीपट पाहावा. या योजनेचे जनक वि. स. पागे हे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्यांनी ही कल्पना आधी करून पाहिली, मग ती राज्याने उचलली, १९७७ ला तिचा कायदा झाला आणि २००५ ला देशाने तसाच हक्क कायद्यात आणला. धान कापून झाल्यावर आपल्या भागातला मजूर ज्या कामाची वाट पाहतो, त्याचं मूळ त्या सभागृहातल्या एका माणसापाशी जातं.

आता मतपत्रिकेचं. इथे मशीन नाही. कागद मिळतो आणि केंद्रावरचा जांभळ्या शाईचा पेन मिळतो, तोच वापरायचा, खिशातला नाही. आवडत्या उमेदवारापुढे १ लिहायचं, मग हवं तर २, ३. खूण केली, ‘एक’ असं अक्षरात लिहिलं, सही केली, किंवा १ हा अंक दोघांपुढे लिहिला, तर मत बाद. ‘दुसरी पसंती दिली की पहिली कमजोर होते’ असं प्रचारात सांगतात, ते खोटं आहे. वैध मतांची निम्मी अधिक एक, असा कोटा असतो. पहिल्या फेरीत तो कुणी गाठला नाही की सगळ्यात मागे असलेला उमेदवार बाहेर जातो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे वळतात. तुमची पहिली पसंती बाहेर गेली, तरच तुमचा २ उघडतो. तिथे काही लिहिलेलं नसेल, तर तो कागद मोजणीच्या टेबलावर बाजूला ठेवला जातो आणि पुढची फेरी त्याच्याशिवाय सुरू होते.