माझ्या एका गाडीने काय होते?

भवानी पेठेत संध्याकाळी चौकात पाच मिनिटे थांबले, की हवेविषयीची सगळी मते ऐकायला मिळतात. दुचाकीवाला म्हणतो, "माझ्या एका गाडीनं काय होतंय ओ? आधी ट्रक बघा की." रिक्षावाला म्हणतो, "आमची पीयूसी हाय." कारखान्यात विड्या देऊन पायी परतणारी अक्का विचारते, "बस कुठंय?" तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे.

प्रश्न किरकोळ नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचे राष्ट्रीय मानक सातत्याने न गाठणाऱ्या शहरांच्या त्या यादीत सोलापूरचे नाव आहे.

आधी दुचाकीवाल्याचे मत. साऱ्या शहराच्या हिशेबात एका गाडीचा धूर नगण्य, हे खरेच. पण धूर आधी गल्लीत पसरतो, मग शहरात. वाहनांच्या धुरातील अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण रस्त्याच्या कडेला सर्वाधिक असते. रस्त्यापासून शंभर-दीडशे मीटरवर ते बरेच कमी होते. दोन्ही बाजूंना घरे असलेल्या अरुंद बोळात मात्र धूर लवकर पांगत नाही. म्हणून दारात चालू ठेवलेल्या गाडीचा त्रास आधी उंबऱ्यावर बसलेल्या आजीला आणि पेट्रोलच्या टाकीवर बसवलेल्या लेकराला होतो. वजनाच्या मानाने मुले मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात.

आता पीयूसी. ती हवीच. पण पेट्रोल किंवा सीएनजी गाडीच्या या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. फुप्फुसात खोलवर जाणारे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण त्यात मोजले जात नाहीत. चाकाखालून उडणारी धूळ तर कोणत्याच पीयूसीत येत नाही. उखडलेला रस्ता, मातीच्या कडा आणि कोरडी झाडलोट असेल, तर नवी कोरी गाडीही धूळ उडवणारच. हे काम गाडीमालकाचे नाही, महापालिकेचे आहे.

राहिला अक्काचा प्रश्न, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. चाळीस माणसे एका बसमधून गेली, तर रस्त्यावरची कितीतरी वाहने कमी होतात. बस वेळेवर येत नसेल, तर माणूस कर्ज काढून दुचाकी घेतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. केंद्राच्या 'पीएम ई-बस सेवा' योजनेत सोलापूरचा समावेश आहे. "वीज तरी कोळशाचीच ना?" हा आक्षेप बरोबर आहे. आपल्याच जिल्ह्यात १,३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. तरी विजेच्या बसचा धूर बोळात, माणसाच्या नाकाच्या उंचीवर सुटत नाही, हा फायदा उरतोच.

पूर्व भागात याचे मोल अधिक आहे. विडी वळणाऱ्या बायका घरातच तंबाखूची धूळ श्वासातून घेतात. यंत्रमागावरचे कामगार सुताचे तंतू घेतात. अशा फुप्फुसांवर रस्त्याचा धूर हा वाढीव भार असतो.

मग करायचे काय? घरापुरते तीन नियम पुरेत. थांबा दहा सेकंदांहून जास्त असेल, तर इंजिन बंद करा; इंधनही वाचते. गाडी दारात तापवत ठेवू नका. अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडा. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हे सांगणे सोपे नाही, पण धुण्याचे उरलेले पाणीही चालते.

आणि नगरसेवक दारात आले, की त्यांनाही तीनच प्रश्न विचारा. आमच्या मार्गावर बस किती मिनिटांनी येणार? रस्त्याच्या मातीच्या कडा कधी पक्क्या होणार? धूळ न उडवता झाडलोट कधी सुरू होणार? अक्काला उत्तर मिळाले, तर दुचाकीवाल्याचे मतही बदलेल.