गोष्टीच्या पानावरील चित्र

अक्षरओळख होण्यापूर्वीच बालकाची पुस्तकाशी मैत्री जडते, ती चित्रांमुळे. आई गोष्ट वाचून दाखवीत असते तेव्हा तिची नजर अक्षरांवर असते. मांडीवरील बालकाची नजर मात्र चित्रावर खिळलेली असते. त्याच्यापुरते चित्र पाहणे हेच वाचन. म्हणून गोष्टीसाठी चित्र काढणे हे केवळ पान सजविण्याचे काम नव्हे. ते गोष्ट सांगण्याचेच काम होय.

ही जाणीव जुनी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे मुलांसाठी लिहिलेले सचित्र पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. त्यात चित्रांतील वस्तूंना क्रमांक दिले असून तेच क्रमांक मजकुरातील शब्दांपाशी छापले होते. महाराष्ट्रातही कुडाळजवळील पिंगुळी येथील चित्रकथी एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगत आले आहेत. चित्रांच्या अशा संचाला ते 'पोथी' म्हणतात.

एक लहानशी गोष्ट घ्यावी. नदीला पूर आला. गोदीची काळी शेळी पैलतीरावर अडकली. नावाड्याने तिला सुखरूप आणले. या तिन्ही घटना एकाच पानावर कोंबल्या, तर एकही मनात ठसत नाही. म्हणून प्रथम क्षण निवडावा. शेळी अडकली आहे आणि नाव अद्याप निघालेली नाही, हा खरा उत्कंठेचा क्षण होय.

आता गोष्टीचे मर्म कशात आहे ते शोधावे. ते गोदी आणि शेळी यांच्यातील अंतरात आहे. नवशिका चित्रकार सवयीने डोंगर, सूर्य व झोपडी काढतो आणि नदीला एक अरुंद पट्टा देतो. येथे पानाचा मोठा भाग नदीला द्यावा. जवळची गोदी मोठी आणि दूरची शेळी अगदी लहान काढावी. पुराचे पाणी निळे नसते, गढूळ व तांबूस असते. गोदी घाबरली हे शब्द सांगतातच. तेव्हा तिच्या मुठीतील तुटलेले दावे चित्राने दाखवावे. शब्द जे सांगत नाहीत, ते चित्राने सांगावे.

मराठी मजकूर डावीकडून उजवीकडे वाचला जातो. नजरही त्याच दिशेने सरकते. म्हणून गोदी डावीकडे आणि शेळी उजवीकडे असावी. मजकुराची जागा आरंभीच मोकळी सोडावी. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात कोणाचाही चेहरा मधल्या शिवणीत येऊ देऊ नये. सुटकेचे चित्र पुढील पानासाठी राखून ठेवावे. पान उलटण्याची ओढ त्यामुळेच लागते.

कधी शब्दांनीही मौन पाळावे. मॉरिस सेंडाक यांच्या १९६३ सालच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या पुस्तकात नायकाची कल्पना जसजशी भरारी घेते, तसतशी चित्रे मोठी होत जातात. अखेरीस समोरासमोरच्या पानांच्या सलग तीन जोड्यांवर एकही शब्द उरत नाही.

सर्वांत मोठा गुण सचोटीचा. शेळी काळी आहे असे लिहिले असता ती पांढरी रंगविली, किंवा गोदीच्या परकराचे ठिगळ एका पानावर दिसून दुसऱ्यावर नाहीसे झाले, तर बालक ते तत्काळ हेरते. मोठ्यांच्या नजरेतून निसटणारी चूक त्याला दिसते, आणि पुस्तकावरील त्याचा विश्वास उणावतो. म्हणून शेळी काढण्यापूर्वी खरी शेळी निरखावी. तिची शिंगे, तिचे कान, तिची उभे राहण्याची ढब पाहावी.

चित्र पुरे झाल्यावर मजकूर हाताने झाकावा आणि ते एखाद्या निरक्षर बालकास दाखवावे. 'मग शेळी परत आली का?' असे त्याने आपणहून विचारले, तर चित्र साधले असे खुशाल समजावे.