एका कंठातले दोन पाद्री

कोकणातल्या आमच्या जुन्या घरी, बाधा झालेल्या एका बाईसमोर बसून तांदळाची मूठ फेकणाऱ्या पंचाक्षऱ्याने "तू कोण, कुठला, कशासाठी आलास" असे तीन प्रश्न ओळीने विचारलेले मी लहानपणी माजघराच्या दाराआडून ऐकले, आणि तिच्या तोंडून निघालेले उत्तर तिच्या नेहमीच्या आवाजात नव्हते एवढ्याच कारणाने त्या रात्री माझा डोळा लागला नाही. पुढे आयुष्यभर भूतबाधेच्या कैफियती, न्यायालयांतील जबान्या आणि धर्मपीठांचे हुकूम मी हाताला लागतील तेथून जमवीत आणि वाचीत आलो, तो बहुधा त्या एका आवाजाचा माग काढण्यासाठीच. म्हणून काही दिवसांपूर्वी पुतण्याच्या खोलीतून, पत्र्याच्या नळीतून कोणी दम कोंडून बोलावे तसा आवाज आला, तेव्हा हातातले वर्तमानपत्र टाकून मी तिकडे गेलो. संगणकाच्या काळ्या पडद्यावर बोटाच्या पेराएवढा, मूठभर रंगीत ठिपक्यांचा एक माणूस झाडांच्या आकृत्यांमधून वाट काढीत होता. "फादर आहे तो, काका," पुतण्या मान न वळवता म्हणाला.

त्या खेळाचे नाव 'फेथ', आणि त्या फादरचे जॉन वॉर्ड. एअरडॉर्फ या टोपणनावाने काम करणाऱ्या मेसन स्मिथ या अमेरिकन तरुणाने त्याचा पहिला भाग २०१७ साली व दुसरा २०१९ साली प्रसिद्ध केला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तिन्ही भाग 'द अनहोली ट्रिनिटी' या नावाने एकत्र आले. कथाभाग थोडक्यात असा, की कनेक्टिकट राज्यातील एका आडबाजूच्या घरात एमी मार्टिन नावाच्या मुलीवर केलेला पिशाचनिवारणाचा विधी विपरीत होतो, आणि त्यातून वाचलेला हा तरुण पाद्री बरोबर एका वर्षाने, २१ सप्टेंबर १९८७ रोजी, अपुरे राहिलेले काम पुरे करण्यासाठी एकटाच त्या घराकडे निघतो. शस्त्र म्हणून त्याच्यापाशी फक्त क्रूस आहे. अनिष्टाचा एक स्पर्श झाला की खेळ संपतो. आणि घरातल्या झपाटलेल्या वस्तूंसमोर क्रूस धरला की त्यांतून चिठ्ठ्या बाहेर पडतात, ज्या एकापुढे एक लावीत गेले असता मागील वर्षीचे प्रकरण उलगडत जाते. भयकथेचा हा सारा संसार अखेरीस एका विस्कटलेल्या दप्तराचा आहे, हे ध्यानात आल्यावर माझ्यासारख्या कागदकिड्याचा पाय त्या खोलीतून निघेना.

भयकथाकारांना असा मोडलेला, पदावरून उतरलेला किंवा उतरण्याच्या बेतात असलेला पाद्री इतका का भावतो, याचे उत्तर मला कादंबऱ्यांपेक्षा कॅथलिक चर्चच्या कायद्यात अधिक नेमके सापडले. त्या चर्चची १९८३ सालची धर्मसंहिता आपल्या २९०व्या कलमात सांगते, की विधिपूर्वक मिळालेली दीक्षा कधीही रद्द होत नाही. पाद्र्याला पदावरून दूर करता येते, त्याचे अधिकार गोठवता येतात, परंतु दीक्षेने उमटलेली मुद्रा पुसता येत नाही. इतकी, की ९७६व्या कलमान्वये पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार नसलेला पाद्रीही मरणोन्मुख माणसाला पापमुक्ती देऊ शकतो. उलट, ११७२वे कलम म्हणते, की स्थानिक धर्माध्यक्षाच्या खास व स्पष्ट परवानगीवाचून कोणीही झपाटलेल्यावर पिशाचनिवारणाचा विधी करू नये. आपल्या भाषेत सांगायचे तर वतन जप्त झाले तरी वतनदारी अंगातून जात नाही, पण सनदेवाचून वतनाचा एक दाणाही उचलता येत नाही. आणि सनद हिरावली गेलेला पण शिक्का अंगावर वागवणारा माणूस काळोख्या घराच्या उंबऱ्यावर उभा केला, की लेखकाला निराळे भूत शोधावे लागत नाही.

येथवर माझे वाचन शिस्तीत चालले होते. ती शिस्त मोडली ती एका तारखेने आणि दोन आद्याक्षरांनी. एमी मार्टिनची आद्याक्षरे ज्या मुलीच्या नावाशी जुळतात, ती बव्हेरियातील क्लिंगेनबर्ग या गावची ॲनेलिझ मिशेल २१ सप्टेंबर १९५२ रोजी जन्मली होती. म्हणजे खेळातला पाद्री ज्या दिवशी त्या घराकडे निघतो, त्या दिवशी, जिवंत असती तर, तिला पस्तिसावे वर्ष पूर्ण झाले असते. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यास माझे मन राजी नाही.

तिची हकीकत चित्रपटांमुळे बहुतेकांच्या कानावर आहे, म्हणून तपशील आटोपते घेतो. ती वुर्ट्सबुर्ग येथे शिक्षिका होण्यासाठी शिकत होती, तिला अपस्माराचे निदान झाले होते आणि त्यावरील औषधेही चालू होती; तरीही १९७५च्या सप्टेंबरात बिशप योझेफ श्टांगल यांनी अर्न्स्ट आल्ट व आर्नोल्ड रेन्त्स या दोन पाद्र्यांना विधी करण्याची परवानगी दिली. सुमारे दहा महिन्यांत ६७ वेळा विधी झाला, त्यांतल्या ४२ वेळांचे ध्वनिमुद्रण फितींवर उतरले, आणि १ जुलै १९७६ रोजी २३ वर्षांची ती मुलगी उपासमारीने व शरीरातील पाणी आटल्याने मरण पावली, तेव्हा तिचे वजन जेमतेम ३१ किलो होते. १९७८ साली आई-बाप आणि दोन्ही पाद्री यांना निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरवून सहा महिन्यांची स्थगित शिक्षा देण्यात आली. खेळातला जॉन वॉर्ड एकाकी जातो आणि खेळणाऱ्याला तो शूर वाटतो. क्लिंगेनबर्गचे दोघे बिशपची सनद खिशात घालून गेले, आणि एक मुलगी दगावली.

या फितींत एका मुलीच्या कंठातून सहा जणांनी आपापली नावे सांगितली : ल्युसिफर, केन, जुडास, नीरो, हिटलर, आणि सहावा फ्लाइशमान. पहिली पाच नावे कोणत्याही भाविक जर्मन घरातील मुलीला ठाऊक असणारच. सहावे मात्र इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही. तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात एटलेबेन या लहानशा गावचा पाद्री होता, आणि त्याची आठवण त्या गावच्या चर्चच्या नोंदवहीत उरली आहे ती मद्यपी, बाहेरख्याली आणि एका माणसाच्या मृत्यूस कारण झालेला पाद्री म्हणून. चारशे वर्षांपूर्वीच्या एका खेड्यातला हा बदफैली धर्मगुरू नीरो आणि जुडास यांच्या पंक्तीला येऊन बसतो, हे वाचताना मला क्षणभर खरेच शहारल्यासारखे झाले, आणि नंतर एक साधी गोष्ट दिसली : फादर आल्ट हे त्याच एटलेबेनचे पाद्री होते. वही त्यांच्याच दप्तरी होती, आणि मुलीसमोर बसणारेही तेच होते.

पुढचा निष्कर्ष मी काढण्याची गरज नाही. विधी करणाऱ्यांच्या श्रद्धेतूनच तिच्या भ्रमाला आकार येत गेला, असे न्यायालयासमोर आलेल्या वैद्यांनी सांगितले होते. परंतु मला त्याहून बोचले ते निराळेच. ज्या १६१४च्या रोमन विधिग्रंथाप्रमाणे हे सारे चालले होते, त्याची पहिलीच ताकीद अशी, की कोणी झपाटले आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नये. पिशाचाचे नाव, संख्या, ते कधी शिरले आणि का शिरले, एवढेच विचारावे, निष्कारण चौकशी करू नये, असेही तो सांगतो. आमच्या पंचाक्षऱ्याचे तीन प्रश्न याहून फार दूरचे नव्हते. आणि त्याच नियमांत स्पष्ट लिहिले आहे, की मी अमुक मृत माणसाचा आत्मा आहे असे पिशाच सांगू लागले, तर त्यावर मुळीच विश्वास ठेवू नये. म्हणजे फ्लाइशमानचे नाव निघाले त्याच क्षणी नियमाने थांबण्याची खूण केली होती. बिशपचा हुकूम हाती असलेल्या माणसांनी हुकुमासोबतची नियमावली बाजूला ठेवली, आणि सारा भरवसा एका आवाजावर ठेवला. परवान्याने माणूस अधिकारी होतो. सावध होतोच असे नाही.

आता त्या आवाजाकडे, ज्याने मला पुतण्याच्या खोलीत ओढून नेले. 'फेथ'मधले संवाद कोणा नटाने म्हटलेले नाहीत. ते 'सॅम' अर्थात 'सॉफ्टवेअर ऑटोमॅटिक माउथ' या १९८२ सालच्या वाचायंत्राचे आहेत. मार्क बार्टन या माणसाने ते लिहिले, 'डोन्ट आस्क सॉफ्टवेअर' या मिस्कील नावाच्या कंपनीने ते विकले, आणि १९८४ साली पहिला मॅकिन्टॉश सभागृहापुढे स्वतःची ओळख करून देत बोलला, त्या वाणीच्या जडणघडणीतही बार्टनचा हात होता. तरी त्याचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही. या यंत्राची एक खोड मला फार आवडते. अटारी संगणकावर ते स्पष्ट बोलावे म्हणून पडदा रंगवणारी चिप तेवढा वेळ बंद ठेवावी लागे. पडदा चालू ठेवला तर शब्द फाटत, विरत, ओळखू येईनासे होत. बोलायचे तर डोळे मिटूनच, अशी त्या यंत्राची रीत होती.

या यंत्राला घसा नाही, छाती नाही, दम नाही. ते लिहून दिलेल्या अक्षरांचे ध्वनी जुळवते आणि सोडून देते. खेळात पिशाच याच आवाजात गुरगुरते आणि पाद्रीही याच आवाजात बोलतो. प्रथम मला ही काटकसर वाटली, एका एकांड्या कारागिराने सोय पाहिली असे वाटले; पण क्लिंगेनबर्गचे कागद पुढ्यात असताना तसे वाटेना. तेथेही एका कंठातून पिशाच बोलले आणि एक पाद्री बोलला, आणि तो पाद्री पिशाचांच्या यादीत होता. एटलेबेनच्या वहीतला फ्लाइशमान आणि कनेक्टिकटच्या रानातला वॉर्ड यांच्यामध्ये मला फारसे अंतर दिसत नाही : दोघांच्याही अंगावर ती न पुसणारी मुद्रा आहे, दोघांच्याही मागे एक बिघडलेले प्रकरण आहे, आणि दोघेही अशा आवाजात बोलतात जो त्यांचा नाही. एकाला नायक ठरवले गेले आणि दुसऱ्याला भूत. हा निवाडा ऐकणाऱ्याने केला. आवाजात तसे काही नव्हते.

१९९९ साली कॅथलिक चर्चने पिशाचनिवारणाचा विधी नव्याने लिहून काढला. त्यातली सावधगिरी अधिक ठळक आहे, आजार आणि बाधा यांत गल्लत होऊ नये यावर भर आहे. ॲनेलिझ झपाटलेली नव्हती, असे तिच्या मृत्यूनंतर जर्मन धर्माध्यक्षांच्या वतीनेही मान्य झाले होते. तरी क्लिंगेनबर्गला तिच्या थडग्यावर फुले वाहायला भाविक येतच राहिले.

त्या दिवशी मी पुतण्याच्या खुर्चीमागे बराच वेळ उभा होतो. पडद्यावर कोणी तरी बोलत होते, आणि पाद्री बोलतो आहे की त्याच्या समोरचे ते, हे मला काही केल्या उमगेना. मी तसे म्हणताच तो हसला. "आवाजावर जाऊ नका, काका," तो म्हणाला, "खाली अक्षरं येतात ती वाचायची." क्लिंगेनबर्गच्या त्या खोलीतही अक्षरे होती, १६१४ साली छापलेली, लॅटिन भाषेत, विधी करणाऱ्याच्याच हातातल्या पुस्तकात.