परसातले मडके
आमचा माण तालुका पर्जन्यछायेतला, म्हणून पाऊस कमी. गेल्या उन्हाळ्यात माझं लिंबोणीचं रोप वाळलं. रोज तांब्याभर पाणी घालायचो, पण ते वरच्यावर उन्हानं उडून जायचं.

यंदा आजीनं युक्ती सांगितली. नव्या रोपापासून वीतभर अंतरावर मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. पाणी भरून झाकण ठेवलं, नाहीतर डास होतात. मडक्याच्या बारीक छिद्रांतून पाणी मुळांकडे झिरपते. माती कोरडी असली की जास्त, ओली असली की कमी. आधी घरातला जुना माठ पुरला होता, पण क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली. पाणी जिथल्या तिथं! मग कुंभारवाड्यातून नवं मडकं आणलं.

आळ्यात पाचोळा पसरलाय. तो मात्र कोंबड्या रोज उकरतात. रोपाला चार नवी पानं फुटली आहेत.