मंगलाष्टकं मध्येच का थांबतात

‘टॅबवर व्हिडिओ चालत नाही’ म्हणून कुणी आलं, की टॅब हातात घ्यायची घाई करू नये. आधी विचारत बसावं. फाइल यादीत दिसते का? चित्र येतं का? आवाज येतो का? सुरूच होत नाही, की सुरू होऊन थांबतं? प्रत्येक उत्तर निराळ्या जागी बोट दाखवतं. हे विचारण्याचा लोकांना कंटाळा असतो. ते अ‍ॅप उडवतात, पुन्हा टाकतात आणि दुखणं होतं तिथंच राहतं.

सांगलीच्या मावशीची तक्रार मात्र मुळातच नेमकी होती. ‘‘अरे, पाहुणे येतात, मुलगी बोहल्यावर येते, मंगलाष्टकं सुरू होतात आणि ऐन मध्ये सगळं बंद. दर वेळी तिथंच.’’

दर वेळी तिथंच, हे फार मोलाचं. टॅब बिघडला असता तर तो कुठंही थांबला असता. एकाच जागी थांबतो म्हणजे फाइलच तिथं संपत असणार.

आणि ती संपतच होती. लग्नाची व्हीएचएस कॅसेट स्टुडिओवाल्यानं पुढं डीव्हीडीवर उतरवून दिली होती आणि शेजारच्या मुलानं त्या डीव्हीडीतला फोल्डर जसाच्या तसा मेमरी कार्डावर टाकला होता. डीव्हीडीवरचा चित्रपट एक सलग फाइल म्हणून नसतोच. नियमानुसार त्याचे जास्तीत जास्त एक-एक जीबीचे तुकडे पाडलेले असतात, व्हीओबी नावाचे. एका तुकड्यात साधारण वीस-पंचवीस मिनिटं मावतात. डीव्हीडी प्लेअर ते एकामागून एक वाचतो, म्हणून आपल्याला कधी पत्ता लागत नाही. मावशी फाइल मॅनेजरमध्ये जाऊन पहिल्या तुकड्यावर बोट ठेवायची. तो संपला की व्हीएलसी हे प्लेअर अ‍ॅप गप्प.

त्यानं पुढचा तुकडा आपणहून का घेतला नाही? कारण त्याला तो दिसतच नव्हता. 2020 च्या अँड्रॉइड 11 पासून अ‍ॅपना स्टोरेजभर मोकळं फिरता येत नाही. सर्व फाइल्सची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती नसेल तर सिस्टिमनं गाणी किंवा व्हिडिओ म्हणून नोंदलेल्या फाइलींपुरतंच अ‍ॅपला दिसतं. सिनेमा दिसतो पण शेजारची सबटायटलची फाइल दिसत नाही, ही नेहमीची तक्रार यातलीच. मावशीनं ती परवानगी नाकारली होती. बँकेच्या फसवणुकीच्या बातम्या ऐकून ‘काहीही विचारलं तर नाही म्हणायचं’ हे तिनं पक्कं केलं होतं, आणि या बाबतीत तिला नावं ठेवायची माझी तयारी नाही. अ‍ॅप प्ले स्टोअरमधूनच घेतलंय हे आधी पाहिलं, मग परवानगी दिली. ओळीनं सगळे तुकडे दिसू लागले.

व्हीएलसी इथं आलं कसं, तेही सांगायला हवं. टॅबसोबत आलेल्या प्लेअरमध्ये चित्र दिसायचं, आवाज नव्हता. डीव्हीडीचा आवाज बहुधा एसी-3 या डॉल्बीच्या पद्धतीत असतो. तो उलगडण्याची सोय परवान्याच्या खर्चामुळे पुष्कळ टॅबमध्ये दिलेलीच नसते. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या उद्योगातून व्हीएलसी निघालं. ही उलगडण्याची साधनं ते स्वतःजवळच बाळगतं, यंत्राकडे मागत नाही.

तरी माझं समाधान होईना. तुकड्यांच्या सांध्यावर चित्र अडखळायचं, आणि अक्षता टाकणाऱ्या हातांना कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा फुटायच्या. जुन्या टीव्हीसाठीच्या चित्रणात एका चौकटीच्या विषम आणि सम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. आजच्या पडद्यावर दोन्ही एकदम उमटल्या की हलणारी वस्तू अशी फाटते. तुकडे नुसते जोडून भागणार नव्हतं. शिवाय भरगच्च डीव्हीडीचे तुकडे जोडले की फाइल चार जीबीच्या वर जाते, आणि मावशीचं 32 जीबीचं कार्ड एफएटी32 पद्धतीचं. अशा कार्डावर चार जीबीची फाइल बसत नाही, कार्ड निम्मं रिकामं असलं तरी.

म्हणून लॅपटॉपवर हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, डीव्हीडीचा अख्खा फोल्डर एकच चित्रपट म्हणून उघडतं आणि त्या रेघाही पुसतं. चित्रासाठी एच.264 ही पद्धत निवडली. 2013 चं एच.265 जागा कमी खातं, पण जुन्या टॅबच्या चिपला ते येत नसलं तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो, टॅब तापतो आणि चित्र आवाजाच्या मागं रेंगाळू लागतं. आवाज एएसीमध्ये घेतला, म्हणजे कुठलाही प्लेअर कुरकुरणार नाही. एमपी4 तयार झाली ती चार जीबीच्या पुष्कळ खाली.

मावशीनं मंगलाष्टकं पार केली. सप्तपदी झाली, पंगती झाल्या. कॅसेटच्या कडेला पडलेल्या पांढऱ्या रेघांबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मग मिक्सिंगवाल्यानं नवरा-नवरीला गुलाबी बदामात बसवून गरगर फिरवलेला भाग आला.

‘‘हे काढता येईल का रे?’’

‘‘ते चित्रातच मुरलंय, मावशी. कापलं तर त्यांच्यासकट जाईल.’’

तिनं थोडा विचार केला. ‘‘मग नुसतं पुढं ढकलायचं कसं, ते दाखव.’’